तिसरा गिअर

“तिसरा गिअर ओरडतो,” जोलदोश म्हणाला, आणि शैलोबेकने बाहेर काढलेलं चुंबक पुन्हा खिशात टाकलं.

बिश्केक शहराबाहेरच्या गाडीबाजारात गिऱ्हाइकांना जुन्या गाड्या तपासून देण्यात शैलोबेकचा जन्म गेला होता. ‘ठोकलेली नाही, रंगवलेली नाही’ असं कानावर आलं की तो चुंबक फिरवून रंगाखाली भरलेली पुट्टी शोधायचा. ‘जपानात एक मास्तरीणबाई चालवायच्या’ असं कोणी म्हणालं की वाकून पेडलचं झिजलेलं रबर बघायचा. विकणाऱ्यांचं ऐकलं तर जपानात मास्तरणींखेरीज कोणी राहतच नसावं. इतक्या वर्षांत त्याने स्वतः गाडी घेतली नव्हती. कोणाच्या शब्दावर घ्यायची?

पण स्वतःच्याच गाडीची निंदा करणारा मालक त्याला आज पहिल्यांदा भेटत होता.

गाडी लाल, बुटकी, दोनच माणसांची. स्टिअरिंग उजवीकडे. गिऱ्हाईक दानियार हा लग्नांत गाणी म्हणणारा. तो एव्हाना तिच्या आरशात भांग ठीक करत होता.

“आणखी काय काय?” शैलोबेकने विचारलं.

“छत गळतं. तेल पिते. आणि शैलोबेक बाइके, तुम्ही मोठ्या भावासारखे, तुमच्यापाशी काय लपवायचं, थंडीत तर ही सुरूच होत नाही.” जोलदोश हे सगळं अगदी हलक्या आवाजात सांगत होता, कारण त्याची बायको उरकुया गाडीतच बसलेली होती.

तेवढ्यात ती उतरायला लागली. दार उघडलं, एक पाय बाहेर आला. मग बराच वेळ काहीच आलं नाही.

“अहो, हात द्या की! बाजार काय बघताय?”

जोलदोशने एक हात धरला, शैलोबेकने दुसरा. दोघांनी मिळून तिला वर काढलं. गुडघे चोळत ती म्हणाली, “बाइके, गाडी सोन्यासारखी आहे. भंगारात निघालेत ते माझे गुडघे. हिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. नारिनला बहिणीकडे गेले त्याला वर्ष होईल. मी म्हटलं, नका विकू. पण नाही, ह्यांनीच हट्ट धरला. तुझ्यासाठी उंच गाडी घेतो म्हणाले. आता दर रविवारी गिऱ्हाईक येतं, ह्यांच्याशी घटकाभर बोलतं आणि पळून जातं. काय बोलतात कोण जाणे!”

“तू आपल्या सूर्यफुलाच्या बिया खा,” जोलदोश म्हणाला.

शैलोबेक गाडी घेऊन निघाला. शेजारी जोलदोश. डोंगराकडे जाणारा रस्ता मोकळा होता. दुसरा गिअर, मग तिसरा. गिअर असा पडला, की पडल्याचं कळलंसुद्धा नाही.

“ऐकलंत?” जोलदोशने विचारलं.

“नाही.”

“आज पाहुण्यांसमोर शहाण्यासारखी वागतेय. एरवी बघा.”

शैलोबेकने पुन्हा दुसरा टाकला, पुन्हा तिसरा. बर्फाचे डोंगर जवळ येत चालले. तपासणी केव्हाच संपली होती, पण शैलोबेक माघारी वळला नाही आणि जोलदोशही वळा म्हणाला नाही. तो डोळे मिटून बसला होता. इंजिनाचा सूर चढला की त्याच्या भुवया चढत, उतरला की उतरत.

“पुढं वळणं आहेत,” तो तसाच म्हणाला. “तिथं ही खरी खुलते.” मग काय बोलून बसलो ते ध्यानात येऊन त्याने घाईने जोडलं, “खुलते म्हणजे, ओरडते.”

“ओरडतंय कोणीतरी, हे खरं,” शैलोबेक म्हणाला. “पण गिअर नव्हे.”

जोलदोशने डोळे उघडले.

“तो गाणारा तुमचं ऐकेल, बाइके. वाईट आहे म्हणा. एक रविवार द्या मला. एकच.”

“आणि उरकुयाचं नारिन?”

वळणांच्या अलीकडेच शैलोबेकने गाडी माघारी फिरवली.

“काय मग?” दानियार धावतच आला.

जोलदोशने टोपी काढली होती आणि तो टोपीच्या आत काहीतरी शोधत होता. उरकुया शेजारच्या गाडीला टेकून, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत उभी होती.

“घे,” शैलोबेक म्हणाला. “मालक सांगतो ते सगळं खोटं आहे.”

“अगं बाई! काय सांगितलंत हो तुम्ही?” उरकुयाने नवऱ्याकडे पाहिलं. मग हातातल्या बिया तिने तशाच पिशवीत परत टाकल्या.

किल्ली द्यायची वेळ आली तेव्हा जोलदोशची मूठ लवकर उघडेना. “सकाळी लगेच पळवू नकोस,” तो दानियारला म्हणाला. “तिला जरा जागं होऊ दे. आणि धुताना कडक पाणी नको.” दानियार हो हो म्हणत होता. हो हो म्हणता म्हणताच त्याने गाडी सुरू केली आणि लगेच पळवली.

शहरात परतायला तिघांना एकच मिनीबस होती. उरकुया दांडी धरून एकटीच वर चढली, खिडकीशी बसली आणि म्हणाली, “बाई बाई, इथून किती लांबचं दिसतं!” जोलदोश तिच्या उजव्या हाताला बसला. समोरच्या उलट्या बाकावर शैलोबेक.

मिनीबस निघाली, वेग घेऊ लागली. जोलदोशचा डावा पाय क्लचवर असल्यासारखा खाली दाबला गेला. डावा हात आपसूक बाजूला गेला, उरकुयाच्या गुडघ्यावर टेकला आणि तिथून त्याने तो अलगद पुढे रेटला.

“लोक बघताहेत,” उरकुया पुटपुटली. गुडघा मात्र तिने हलवला नाही. पुढे चढ होता.