एका संदर्भासाठी

परतूरला तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बेबीनंदा मॅडम शिरल्या तेव्हा त्यांच्या चपलांवर धूळ होती आणि चेहऱ्यावर हसू. तीर्थपुरीहून त्या सकाळच्या बसनं आल्या होत्या. काउंटरमागच्या तरुण बाईला त्यांनी विचारलं, राजनंदिनी तुम्हीच का. मग आपलं नाव आणि कॉलेज सांगितलं.

नाव ऐकताच राजनंदिनीनं मशीन बंद केलं. गिऱ्हाइकांना थोड्या वेळानं या म्हणाली, आतून खुर्ची आणली, पाणी दिलं. पाणी देताना तिनं वर पाहिलं नाही. मॅडमच्या ते लक्षात आलं नाही. त्या बोलत सुटल्या होत्या.

काम अगदी लहान होतं. विहिरींमधल्या शेवाळावरचा त्यांचा शोधनिबंध एका नियतकालिकानं संदर्भसूचीपायी परत पाठवला होता. आडनाव आधी, वर्ष कंसात, नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरांत, शेवटी पृष्ठ क्रमांक, असं सगळं त्यांनी पुन्हा बसून लावलं. एकाच नोंदीत पृष्ठ क्रमांक टाकायचा राहिला. ती नोंद राजनंदिनीच्या लेखाची होती. इंटरनेटवर त्या लेखाचा नुसता सारांश होता, अंक कुठंच मिळत नव्हता.

फोनवरही हे विचारता आलं असतं. पण मॅडमना यायचं होतं. सूचीतली बाकीची माणसं एक तर परदेशातली होती, नाहीतर वारलेली. कॉलेजात त्यांनी शेवाळाचा विषय काढला की लोक आपल्या घरची टाकी कधी धुतली ते सांगायचे. आणि इथं, एका बसच्या अंतरावर, कुणीतरी विहिरीत उतरून तेच बघत होतं. तीर्थपुरीच्या एका विहिरीत त्यांना सापडलेलं निळसर शेवाळ या मुलीला वाटूरला सापडलं होतं. एकाच जागी, एकाच बाईला दिसलेल्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार? आता बघणाऱ्या दोघी होत्या. नव्या निबंधाचा सगळा भार त्या एका नोंदीवर होता.

"वाटूरच्या विहिरीत ते कोणत्या अंगाला होतं?" त्यांनी विचारलं. "माझ्याकडं पायऱ्यांच्या सावलीत असतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की दगडाला चिकटून राहतं. तुम्हाला कधी दिसलं?"

राजनंदिनी मागं वळली. कप्प्यातून तो अंक काढून तिनं समोर ठेवला. मॅडमनी आधी पृष्ठ क्रमांक टिपून घेतला, मग लेख उघडला. पहिलं पान संपायच्या आत त्यांचं हसू गेलं. वाक्यं ओळखीची होती. त्यांच्याच जुन्या लेखातली होती.

"मॅडम, मी एकाबी विहिरीत उतरले न्हाई," राजनंदिनी खालच्या आवाजात म्हणाली. "सगळं तुमचंच हाय. मी फक्त गावांची नावं बदलली."

मग ती थांबेचना. मुलाखतीला छापलेला लेख पाहिजेच म्हणाले होते. दिवस गेलेले होते, अशात विहिरीत उतरू देणार कोण? आता कुठं सकाळचं ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवायला मिळत होतं, हे बाहेर आलं तर तेही जाईल. तक्रार करू नका, हे तिनं वेगवेगळ्या शब्दांत पुन्हापुन्हा सांगितलं. मॅडम तक्रारीसाठी आल्या नव्हत्या, हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. आणि कशासाठी आल्या होत्या, ते आता मॅडमना सांगता येईना.

"वाटूरला विहीर तरी आहे का?"

"हाय ना. माझं माहेरच हाय ते. शाळेच्या मागं, पायऱ्यांची. शेवाळबी असंल. म्या काही पाह्यलं न्हाई."

मॅडमनी अंक मिटून परत दिला. टिपलेल्या आकड्यावर आडवी रेघ मारली. कुणाला काही सांगणार नाही, एवढं म्हणाल्या. चहा मागवते म्हणून राजनंदिनी उठली, तोवर त्या पायरी उतरल्या होत्या. मागं झेरॉक्सचं मशीन पुन्हा सुरू झालं.

स्टँडवर तीर्थपुरीची बस लागलेली होती. त्या दारापर्यंत गेल्या. दांडीला हात लावला, काढला. मग रस्ता ओलांडून वाटूरच्या जीपमध्ये जाऊन बसल्या.

जीप भरत आली होती. वाटूरला कोणाकडं जायचंय मॅडम, दारात सोडतो, असं ड्रायव्हर म्हणाला.

"कोणाकडं नाही. शाळेच्या मागं विहीर आहे ना, तिथं."

"संगं कोण हाय?"

"कोणी नाही. एकटीच."

ड्रायव्हरनं चावी फिरवली नाही. आरशातून त्यांच्याकडं नीट पाहिलं. मागं बसलेल्यांचं बोलणं थांबलं. शेजारी बाजार करून निघालेली एक बाई बसली होती. तिनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि मॅडमचं मनगट घट्ट धरलं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "घरी कोण कोण हाय तुमच्या?"

काय गैरसमज झालाय ते मॅडमच्या लक्षात आलं. शेवाळ बघायला निघालेय, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण वाटूर येईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत, आणि हातही सोडवून घेतला नाही.