यादीतलं विसावं नाव

"विसावं नाव कापलंय. एकोणीसच सायकली वाटायच्या," असं म्हणत राजेंद्रकाकांनी यादी चैतालीपुढे सरकवली.

यादी आंदर मावळातल्या एका शाळेकडून आली होती. लांबून चालत येणाऱ्या मुलींना सायकली द्यायच्या, असं लोणावळ्याच्या सह्यमित्र क्लबनं ठरवलं होतं. राजेंद्रकाका क्लबचे अध्यक्ष, चैताली सचिव. ती दातांची डॉक्टर. दवाखाना आटोपला की नेत्रशिबिरं, झाडं लावणं, असली क्लबची कामं तीच ओढायची.

शेवटच्या ओळीवर लाल रेघ होती. शालन जानू ओव्हाळ, इयत्ता दहावी.

"का कापलं?"

"रखमाजींचा फोन आला होता. शाळा समितीचे अध्यक्ष. म्हणाले, तिचं लग्न झालंय."

"दहावीतल्या मुलीचं?"

"म्हणूनच म्हणतो. उद्या पेपरात छापून येईल, बालविवाहाला क्लबचा हातभार. नको ती भानगड."

चैतालीनं तिथूनच रखमाजींना फोन लावला. ते ठणकावून बोलले. "व्हय, लगीन झालंय की. घरचा कामधंदा टाकून साळंत जाऊन बसती. मी सांगितलं, बाई, तुला शोभत न्हाई. ऐकती कुटं? लय हट्टी हाय. गावाचं हसं करून ठेवलंय तिनं."

"हसं गावाचं होतंय ते तुमच्यामुळे," असं म्हणून तिनं फोन कापला.

मग मुख्याध्यापकांना लावला.

"शालन शाळेत येते का, सर?"

"एक दिवस चुकली नाही, मॅडम. पावसातसुद्धा."

"तिचं लग्न झालंय, हे तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला माहीत आहे. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

चैतालीचं डोकं भणाणलं. शिकलेला माणूस, आणि हे असं! ते पुढे काही सांगायला लागले होते, पण तिनं ऐकूनच घेतलं नाही.

चार दिवसांनी दवाखान्यात टपालानं पाकीट आलं. आत वहीचं पान होतं. टपोरं, जपून काढलेलं अक्षर.

"मॅडम, लग्न झालं म्हणून माझं नाव कापलं, असं कळलं. माझं लग्न चौदाव्या वर्षी लावलं. तेव्हा मला कुणी विचारलं नाही. शाळा सोडायला लावली तेव्हाही विचारलं नाही. आता मी परत शाळेत बसले, तर जो तो विचारतो, कशाला? शाळा घरापासून सात किलोमीटर आहे. मी चालत जाते आणि पहिल्या बाकावर बसते. सायकल द्यायची नसेल तर देऊ नका. पण लग्नाचं कारण सांगू नका. ते मी केलं नव्हतं. शालन जानू ओव्हाळ."

चैतालीनं ते पान दोनदा वाचलं. खुर्चीत तोंड उघडून बसलेला पेशंट ताटकळला होता.

संध्याकाळच्या बैठकीत तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. राजेंद्रकाका खाकरले. "वाईट वाटतं गं. पण नियम नियम असतो."

"सायकल नाही दिली तर तिचं लग्न मोडणार आहे का?"

"तसं नाही, पण..."

"मग शिक्षा तिला का? लग्न लावणारे मोकळे, मांडवात जेवणारे मोकळे, आणि चालत मरायचं हिनं?" चैताली उठून उभी राहिली. "वीस सायकली जातील. नाहीतर माझा राजीनामा घ्या आणि कार्यक्रम तुमचा तुम्ही करा."

काकांनी सगळ्यांकडे पाहिलं. कार्यक्रम करायचा म्हणजे काय, हे त्या खोलीत एकट्या चैतालीला ठाऊक होतं.

"बरं. पण जबाबदारी तुझी," ते म्हणाले.

ती तिनं पुरती घेतली. वडगावच्या पोलीस ठाण्यातली रेणुका तिच्या ओळखीची होती. आधी पोलीस गेले तर सासरचे पोरीला कुठंतरी लपवतील, म्हणून आधी सायकल हातात पडू दे, मग बाकीचं, असं दोघींनी ठरवलं. रेणुका साध्या साडीत शेवटच्या रांगेत येऊन बसली.

शाळेच्या पटांगणात सायकली ओळीनं उभ्या होत्या. रखमाजी पहिल्याच खुर्चीत बसले होते. एकेक नाव पुकारलं जात होतं, मुली लाजत येत होत्या, घंट्या वाजवत जात होत्या. एकोणीस झाल्या.

चैतालीनं माईक स्वतःच्या हातात घेतला.

"शालन जानू ओव्हाळ."

कुणीच उठलं नाही. रखमाजी मिशीत हसले. चैतालीला वाटलं, कोंडून ठेवलं असणार पोरीला. तिनं मागे पाहिलं, रेणुका सावध होऊन उठली होती.

"शालनला सायकल दिल्याशिवाय हा कार्यक्रम संपणार नाही," चैताली रखमाजींच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "ती घरात असेल तर घरी जाऊन देऊ. कुणी आडवं आलं, तर त्याचीही तयारी करून आलोय."

राजेंद्रकाका तिचा पदर ओढायचेच बाकी होते.

एवढ्यात समीक्षा नावाची एक मुलगी फाटकाकडे बोट दाखवत ओरडली, "आली! शालन आली!"

सगळ्या मुली उठून तिकडे पळाल्या. त्यांच्या घोळक्यातून चैतालीला फक्त पाठीवरचं निळं दप्तर दिसत होतं. टाळ्या वाजत होत्या, दप्तर झपाझप पुढे येत होतं. टेबलापाशी घोळका फुटला. कमरेला पदर खोचलेली ती समोर उभी राहिली आणि धापा टाकत म्हणाली, "रागावू नगा, बाई. नातीला अंगणवाडीत सोडून आले, म्हणून उशीर झाला."