बियाचं वांगं

“हे भरीत हाय का भिजवलेली माती?” चंपत पुटपुटला. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. वाशीमच्या डॉक्टरनं मीठ तोडलं, पाणी घोटावर आणलं. याहून दुसरा इलाज त्याच्यापाशी नव्हता. तरी घरात जो तो म्हणे, संक्रांतीपर्यंत ठणठणीत होशील. बायको, कस्तुराबाई, सर्वांत मोठ्यानं म्हणे.

मळ्यातल्या बाजेवरून त्यानं वांग्यांकडे बोट केलं. “बियाले कोणतं ठेवाचं, ते शिकून घे.”

“कायले? दरसालासारखं तुमीच ठेवसान.”

“पाह्य तं खरी!”

“नाही पाहत.”

चंपतनं जेवण सरकवलं. “म्हणजे मी वाचत नाही, हे मले एकट्यालेच ठाऊक हाय,” तो म्हणाला आणि तिच्याकडे पाठ करून निजला.

कस्तुराबाई उठली. पदराची किनार फाडून वाफ्यात शिरली. परत येऊन तिनं त्याचा खांदा हलवला.

“त्या उंच झाडाच्या वांग्याले चिंधी बांधली, कोणी तोडू नये म्हून. बरोबर हाय का, ते आत्ताच सांगा. पुढच्या साली तुमी नसान.”