चार प्लेअर, एक कॅसेट

चौथ्या प्लेअरवरही मुंग्याच आल्या.

त्याने कॅसेट काढून पुन्हा पहिल्यात घातली, स्विचबॉक्सचं बटण एकवर फिरवलं. मुंग्या. मग दोन, तीन, चार. पडदा नुसता खरखरत राहिला.

भंगारवाल्यांचे उंबरे झिजवून त्याने हे जुने व्हिडिओ प्लेअर जमवले होते. उभा जन्म टीव्ही दुरुस्त करण्यात गेलेला माणूस तो. चारही स्वतः खोलून नीट केले, एका स्विचबॉक्समधून टीव्हीला जोडले. सकाळी दुसऱ्या कॅसेट लावून पाहिल्या, तेव्हा चित्र आरशासारखं लख्ख होतं.

ही कॅसेट मुलीची होती. वीस मिनिटांची. सहा वर्षांची पोर तापाने गेली, त्याच्या दोनच महिने आधीची. फीत दर वेळी चालवली की थोडी झिजते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? आधी कॉपी काढू, मग पोटभर बघू, असं म्हणत त्याने एकोणीस वर्षं काढली. खरं तर धीरच झाला नव्हता.

आता तो वायरी उपसायला लागला. "हा स्विचच दगा देतोय मेला."

"अहो, राहू द्या." बायको दारात उभी होती. "स्विच चांगला आहे."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"त्यातलं नाही कळत. पण तुम्ही कामावर गेलात की रोज दुपारी मी ती आपल्या तेव्हाच्या प्लेअरवर लावायचे. वर्षानुवर्षं." "आधी रंग गेले. मग आवाज गेला. मग तीच दिसेनाशी झाली. तुम्ही जपून ठेवलीत हो... मी बघून बघून संपवली."

त्याच्या हातातली वायर गळून पडली. आता हा घर डोक्यावर घेणार, म्हणून ती भिंतीला टेकली. पण त्याने टीव्ही बंद केला आणि त्या वायरींच्या गुंत्यातच खाली बसला.

मग म्हणाला, "तुला पाठ असेल ना गं? सांग. अगदी पहिल्यापासून."

ती त्याच्याशेजारी येऊन बसली. डोळे मिटले.

"आधी नुसती खुर्ची दिसते. मग ती पळत येते, धडपडत खुर्चीवर चढते. केस मागे सारते. आणि कॅमेऱ्यामागे तुमच्याकडे बघून विचारते, 'बाबा, दिसते का मी?'"