निळा थर

थप्पड अशी बसली की खांद्यावरची पिशवी उडून कोपऱ्यात पडली. दार अजून उघडंच होतं. सामान वर आणून देणारा हमाल जिन्यात क्षणभर थबकला आणि खाली मान घालून उतरून गेला.

"आठ दिवस!" नवरा ओरडला. "आठ दिवस पोरीला टाकून समुद्र बघत बसली होतीस!"

तिनं गाल चोळला नाही. हमालानं खोलीच्या मधोमध ठेवलेलं गोणपाटातलं ओझं कलंडलेलं नाही ना, एवढंच तिनं पाहिलं.

त्या काळी बायका एकट्या प्रवासाला निघत त्या माहेरी, नाहीतर कुणी गेल्याची तार आली म्हणून. ही निघाली होती ती हाताला काही सुचेना म्हणून. मूर्ती घडवणारी बाई. पण बिट्टी झाल्यापासून तिच्या हातून उतरले ते लोकांनी आणून दिलेल्या फोटोंवरचे चेहरे, वारलेल्या माणसांचे, हसरे आणि गुळगुळीत. स्वतःचं म्हणावं असं एकही नाही. परक्या गावात, भाड्याच्या खोलीत, जिथं हाक मारणारं कुणी नव्हतं, तिथं तिचे हात मातीत असे चालले की जेवायचंही भान राहिलं नाही. त्या हातांनी जे केलं ते आता या गोणपाटात होतं.

नवऱ्यानं गोणपाट ओरबाडून काढलं. आत प्लास्टरचा पांढरा, ओबडधोबड गोळा. घागरीएवढा.

"हे? ह्याच्यासाठी गेली होतीस?"

"चार भांडी घासली की हिची मनगटं दुखतात," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "आणि असले धोंडे थापायला बरी दुखत नाहीत!"

"तो नुसता साचा आहे," ती म्हणाली. "आतमध्ये..."

पुढचं बोलणं झालंच नाही. त्यानं तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं. खिडकीत तिची हत्यारं मांडलेली असत, त्यातला हातोडा उचलला आणि गोळ्यावर पहिला घाव घातला.

पांढरा टवका उडाला. ओठातून आलेलं रक्त गिळत ती भिंतीला टेकून उभी राहिली. 'नको' म्हटलं असतं तर त्यानं दोन्ही हातांनी मारलं असतं, एवढं ती लग्नात शिकली होती. आणि खरं सांगायचं तर साचा फोडायचाच असतो. मातीच्या मूर्तीवर प्लास्टर चढवायचं, आतली माती कोरून काढायची, त्या पोकळीत सिमेंट भरायचं आणि ते घट्ट झालं की वरचं प्लास्टर फोडून टाकायचं. हे काम ती उद्या निवांत, छिन्नीनं, टिचक्या मारल्यासारखं करणार होती. नवरा ते घण घातल्यासारखं करत होता. आपण काय मोडतो आहोत याची त्या बिचाऱ्याला काही कल्पना नव्हती.

"घाल अजून," सासूबाईंना चेव आला. "एकदाचं जाऊ दे हिच्या डोक्यातलं खूळ."

घावावर घाव बसत होते. टवके पलंगाखाली, पाण्याच्या माठात, सासूबाईंच्या मांडीवर. तो घामानं निथळत होता. लग्न झाल्यापासून त्यानं घरात एवढं काम कधी केलं नसेल.

मग पांढऱ्यातून निळं डोकावलं.

"बाबा, निळं लागलं!" आतल्या दारातून बिट्टी ओरडली. आईच्या शेजारी बसून तिनं हे किती वेळा पाहिलं होतं. मूर्तीला लागून असलेल्या प्लास्टरच्या पहिल्या थरात नीळ कालवलेली असते. निळं दिसलं की समजायचं, चेहरा आता नखभर अंतरावर आहे. तिथं हात आवरायचा.

"हळू," तिची आई म्हणाली. "हळू मारा. तिथं नाक आहे."

तो थांबला. बायकोच्या आवाजात आता कुठं भीती आली होती, आणि ती ओळखायला तो कधीच चुकत नसे. त्यानं हातोडा डोक्यावर नेला आणि निळ्याच्या बरोबर मध्यावर हाणला.

एक मोठं कवच सुटून खाली पडलं.

आत एका लहान मुलीचा चेहरा होता. तोंड पडजीभ दिसेल इतकं वासलेलं. डोळे गच्च मिटलेले, कोवळ्या गालांना म्हातारीसारख्या सुरकुत्या पडलेल्या. दोन्ही पंजे कानांवर दाबलेले. नाकाचा शेंडा उडून गेला होता.

सासूबाई पलंगावरून उतरल्या, वाकल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

"अरे," त्या म्हणाल्या, "ही आपली बिट्टी आहे रे."

"काहीतरीच!" त्याला धाप लागली होती. "अशी कुठं दिसते ती? मी कधी बघितली नाही तिला अशी."

"कशी बघाल? तुमची पाठ असते तिच्याकडे," बायको म्हणाली. "मी समोर असते, पण मार चुकवता चुकवता मलाही कधी नीट दिसली नव्हती. तिकडे एकटी बसले, तेव्हा दिसली."

"खोटारडी!"

हातोडा हातात तसाच धरून तो गर्रकन मागं वळला, पोरीलाच विचारायला.

बिट्टी दारात उभी होती. तेच गच्च मिटलेले डोळे, तेच वासलेलं तोंड, कानांवर तेच पंजे. फक्त तिचं नाक अजून शाबूत होतं.