हातभर अंतर

दोघी बहिणींनी सायकलींना एकसारखे वायरलेस मीटर बसवून घेतले, तेव्हाच दुकानदाराने बजावलं होतं, “हातभर तरी अंतर ठेवा, नाहीतर एकीचा वेग दुसरीच्या मीटरवर दिसेल.” पण ऐकेल ती धाकटी कसली! थोरलीला खेटून, कानाशी बडबडतच चालवायची.

आज चढ संपल्यावर थोरली पाणी प्यायला थांबली. दोन्ही पाय जमिनीवर, चाक जागच्या जागी, आणि मीटरवर वेग अठरा.

“भवाने, जरा लांबून चालव की!” ती सवयीने खेकसली.

आकडा मुकाट्याने शून्यावर आला.

बाटली तोंडाशीच राहिली. थोरलीची मान वळेना. जिवंतपणी धाकटीने तिचं एकदाही ऐकलं नव्हतं.