श्वासाची परीक्षा

झुडपांच्या रांगेमागे गेल्याबरोबर ब्रोनाने लगाम आवळला आणि ड्रमलिनची हनुवटी त्याच्या छातीला टेकवली.

मैदानात उभ्या असलेल्या तिघांना झुडपांमागची ही चढण दिसत नव्हती. तिचा भाऊ फिन्टन, घोड्यांचे डॉक्टर लॅलर आणि इंग्लंडमधल्या यॉर्कशरहून आलेलं गिऱ्हाईक, पिकरिंग. दिसत नसलं तरी ऐकू मात्र जात होतं. इकडे किल्डेअरमध्ये घोडा घेणारा आधी त्याला भरधाव पळवून त्याचा श्वास ऐकतो. घसा मोकळा असला तरच सौदा.

ड्रमलिनचा घसा मोकळाच होता. पण मान अशी आवळली की धडधाकट घोड्याचाही श्वास अडतो, हे तिला वडिलांनीच शिकवलं होतं. तिसऱ्या फेरीला त्याच्या घशातून करवतीसारखा आवाज येऊ लागला. मनातल्या मनात त्याची माफी मागत तिने त्याला तसंच रेटलं. झुडपं संपता संपता लगाम सैल सोडला.

वडिलांना जाऊन सात आठवडे झाले होते. फिन्टनने तबेला मोडायला काढला होता. बाकीचे घोडे गेले, वडिलांच्या हातांवर जन्मलेला हा तेवढा उरला होता. हा राहू दे, असं ती एकदा म्हणाली होती. शर्यतीचा घोडा गवत खायला ठेवत नाहीत, म्हणून त्याने विषय संपवला होता.

"माझ्या सासूबाई चर्चमध्ये अशाच घोरतात," पिकरिंग म्हणाला. "पण त्या मला फुकट मिळाल्या."

डॉक्टरांनी नाकातून नळी घालून घसा पाहिला. डावी बाजू जरा मंद हलते, म्हणाले. पुष्कळांची हलते, पण त्यात हा आवाज. ते निरोगीपणाच्या दाखल्यावर सही करेनात. पिकरिंग चहाही न घेता निघून गेला.

"पळताना त्याला कसं होत असेल?" फिन्टनने विचारलं.

"तोंडात बोळा कोंबून धावून बघ," डॉक्टर म्हणाले.

"वाढत जातं?"

"बहुतेक वेळा."

फिन्टन बराच वेळ घोड्याच्या नाकपुड्यांवर हात ठेवून उभा राहिला. सौदा मोडल्याचं लागलं असेल, ब्रोनाला वाटलं.

"म्हणजे आता इंग्लंडला जात नाही तो," ती शक्य तितक्या सपाट आवाजात म्हणाली.

"नाही. आता कोण नेतंय त्याला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच तिला आत्याकडे जाऊन यायला सांगितलं. बाबांना पोचवल्यापासून तू फाटकाबाहेर पडली नाहीस, म्हणाला. ब्रोना गेली. आत्याने केलेलं डुकराचं मांस आणि कोबी तिने दोनदा वाढून घेतलं. वडिलांच्या गोष्टी निघाल्या तेव्हा ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. परतताना तिने ड्रमलिनसाठी जाड निळी झूल घेतली.

त्याच्या ठाणाचं दार सताड उघडं होतं. जमीन धुतलेली होती. फिन्टन पाण्याची नळी गुंडाळत होता. त्याचे डोळे सुजले होते.

"डॉक्टर येऊन गेले," तो म्हणाला. "एका सुईत झालं. बाबा तीन महिने श्वासासाठी तडफडत होते, ब्रोना. त्यांच्या घोड्याचं तसं झालेलं मला बघवलं नसतं."

त्याने तिच्या हातातून झूल अलगद काढून घेतली.

"तुझ्यादेखत नको, म्हणून तुला आत्याकडे धाडलं."